मुलांचे वाग्दोष आणि वाचोपचारतज्ज्ञाचे कार्य

पहिलीच्या वर्गात हजेरी चालू असते. नावे पुकारली जातात आणि एकामागून एक ‘हजर’ असे उत्तर येते. मध्येच एका नावास उत्तर मिळत नाही. शेजारचा मुलगा त्या मुलाचा हात धरून वर करतो व म्हणतो, “गुरुजी, हा आलाय, पण ह्यो बोलत नाही.” गुरुजी उपस्थितीची खूण करतात आणि पुढचे नाव घेतात. गेवराई तालुक्यातील तलवाडा असो की जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव असो, असे एखादे मूल बहुतेक शिक्षकांच्या पाहण्यात आलेले असते. पहिल्या वर्षी ते बुजरे ठरते, दुसऱ्या वर्षी हट्टी ठरते, आणि तिसऱ्या वर्षी वाचन येत नाही म्हणून त्याची गणना मंद मुलांत होऊ लागते. पुष्कळदा त्याच्या बुद्धीत काहीही उणे नसते. त्याला नीट ऐकू येत नसते, किंवा उच्चाराची रीत साधलेली नसते, किंवा शब्द ओठांशी येऊन अडत असतो. अशा मुलांस साहाय्य करण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याची ओळख शिक्षकांस असेल तर मुलाची वाया जाणारी वर्षे वाचू शकतात.

वाचोपचारतज्ज्ञ म्हणजे कोण?

बोलण्यातील व भाषेतील अडचणींची परीक्षा करून अभ्यासाच्या मार्गाने त्या दूर किंवा कमी करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे वाचोपचारतज्ज्ञ. शहरांतून त्यांस ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणतात. हे तज्ज्ञ शस्त्रक्रिया करीत नाहीत व औषधही देत नाहीत. निरीक्षण, अनुकरण, सराव आणि प्रोत्साहन हीच त्यांची साधने होत. त्या दृष्टीने त्यांचे काम वैद्याच्या कामापेक्षा शिक्षकाच्या कामास अधिक जवळचे आहे.

या विषयाच्या शिक्षणासाठी म्हैसूर येथे १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण यांच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. पुढे १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा तज्ज्ञांची नोंदणी सोपविण्यात आली. पालकांस कोणाकडे पाठवावयाचे झाल्यास तो तज्ज्ञ नोंदणीकृत आहे ना, एवढी चौकशी अवश्य करावी.

तज्ज्ञापुढे येणाऱ्या अडचणी स्थूलमानाने चार प्रकारच्या असतात. पहिली उच्चाराची. मूल एका वर्णाऐवजी दुसरा वर्ण उच्चारते किंवा वर्ण गाळते. यालाच लोक बोबडेपणा म्हणतात. दुसरी भाषेची. मुलास शब्द समजत नाहीत, किंवा समजले तरी वाक्यात जुळविता येत नाहीत. तिसरी ओघाची. बोलणे अडखळते, पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येते. हा तोतरेपणा होय. चौथी आवाजाची. आवाज सदा घोगरा, अतिशय क्षीण किंवा नाकातून येणारा असतो. एकाच मुलात यांपैकी दोन अडचणीही असू शकतात. म्हणून ‘याला नीट बोलता येत नाही’ एवढ्या नोंदीने काम भागत नाही. नेमके काय येत नाही, हे पाहावे लागते.

प्रथम कानाची परीक्षा

मूल जसे ऐकते तसे बोलते. ज्यास लोक मुका म्हणतात, त्याचा कंठ व जीभ बहुधा धडधाकट असतात. लहानपणापासून शब्द कानी न पडल्यामुळे त्याला बोलणे आलेले नसते. यास्तव वाचोपचारतज्ज्ञ जिभेकडे पाहण्यापूर्वी कानाची तपासणी करवितो. शांत खोलीत मुलाच्या कानांवर श्रवणयंत्राचे गोलक बसवून लहानमोठे, उंचसखल ध्वनी ऐकवितात. ध्वनी ऐकू आला की मुलाने एक ठोकळा डब्यात टाकावयाचा असतो. मुलास हा खेळ वाटतो, आणि कोणत्या कानाने किती ऐकू येते याचा आलेख तयार होतो. आता तर नवजात अर्भकाचे श्रवणही काही मिनिटांत तपासता येते.

ठार बहिरे मूल लवकर लक्षात येते, पण अर्धवट ऐकणारे मूल वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी येत नाही. अशा मुलाच्या खुणा शिक्षकच पाहू शकतो. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते, मान एका बाजूस वळवून ऐकते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, श्रुतलेखनात भलतेच शब्द लिहिते, सांगितलेल्या कामाऐवजी दुसरेच काम करून येते. पडसे झाले की त्याचे दुर्लक्ष वाढते. कान वाहत असेल तर शंका अधिकच बळावते. वाहणारा कान हा लहान मुलांतील श्रवणदोषाचे एक मोठे कारण असून त्यावर वेळीच उपचार होऊ शकतात. त्यात तेल ओतणे किंवा काडी घालणे अपायकारक आहे, हे पालकांस स्पष्ट सांगावे.

श्रवणयंत्र मिळालेल्या मुलास पुढच्या रांगेत बसवावे. शिक्षकाने प्रकाशाकडे तोंड करून बोलावे. फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरे बोलल्यास ते शब्द त्या मुलापुरते व्यर्थ जातात. यंत्र पेटीत जपून ठेवण्यासाठी नसून दिवसभर कानावर ठेवण्यासाठी आहे, हेही घरच्यांस सांगावे लागते.

कानानंतर तज्ज्ञ तोंडाची पाहणी करतो. ओठ, दात, टाळू व जिभेची हालचाल तपासतो. काही मुलांचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेला असतो. टाळू उघडा राहिल्याने हवा नाकावाटे जाते व शब्द गेंगाणे होतात. तेथे प्रथम शस्त्रक्रिया आणि तदनंतर वाचोपचार असा क्रम असतो. शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा होतो, पण नव्या टाळूने बोलावयाचे कसे, हे मुलास शिकावेच लागते. याउलट, मूल बोलत नाही म्हणजे त्याची जीभ चिकटलेली आहे, हा समज बहुतेक वेळी चुकीचा असतो. जिभेखालचा पडदा आखूड असला तर एखाददुसऱ्या वर्णास अडचण येऊ शकते, परंतु त्यामुळे मूल मुळीच बोलत नाही असे होत नाही. घरगुती रीतीने तो पडदा कापणे धोक्याचे आहे.

उच्चार कसे सुधारतात?

या कामी लागणारे मूळ ज्ञान प्रत्येक शिक्षकापाशी आहे. आपली वर्णमाला तोंडातील स्थानांप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग कंठाचा, च-वर्ग तालूचा, ट-वर्ग मूर्ध्याचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. आतून बाहेर येणारा हा क्रम म्हणजे वाचोपचाराचा जणू नकाशाच होय. बालक प, ब, म हे ओठांवरचे वर्ण लवकर उचलते, कारण ते सोपे असतात व डोळ्यांना दिसतात. जिभेची नाजूक हालचाल मागणारे र, ळ यांसारखे वर्ण उशिरा स्थिर होतात. काही मुलांचा ‘र’ पहिलीत येईपर्यंतही पक्का नसतो, त्याची लगेच चिंता करू नये. सर्वसाधारणपणे मूल वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांचे झाल्यावर दोन शब्दांची जोडणी आणि तीन वर्षांचे झाल्यावर लहान वाक्ये बोलू लागते. शाळेत दाखल होताना त्याचे बोलणे परक्या माणसास समजले पाहिजे. तसे नसेल तर ‘मोठे झाले की बोलेल’ म्हणून थांबणे योग्य नव्हे.

समजा, सहा वर्षांचे एक मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ आणि ‘गाय’ऐवजी ‘दाय’ म्हणते. जिभेचा मागचा भाग उचलावयाचा तेथे ते जिभेचे टोक दातांशी नेते. अशा वेळी घरी व शाळेत एकच उपाय होतो. ‘नीट म्हण, काका म्हण’ असे त्यास पन्नासदा सांगितले जाते. मूल पन्नासदा ‘ताता’ म्हणते, म्हणजे चुकीचाच सराव होतो, आणि अखेरीस ते गप्प बसते.

वाचोपचारतज्ज्ञ दुसऱ्या टोकाकडून आरंभ करतो. प्रथम तो मुलाकडून काहीच बोलवून घेत नाही. ‘तार’ व ‘कार’, ‘दार’ व ‘गार’ अशा जोड्यांची चित्रे मांडून ज्याचे नाव उच्चारले त्यावर बोट ठेवावयास सांगतो. दोन ध्वनींतील भेद कानास उमगला की मग जिभेचा पाठ सुरू होतो. आरशासमोर बसवून तोंड उघडावयाचे, गुळणी करताना घशाशी होणारी हालचाल ओळखावयाची, जिभेचे टोक खाली ठेवून मागचा भाग उचलावयाचा, असे करता करता एकटा ‘क्’ साधतो. त्यानंतर का, की, कू. नंतर ‘कान’, ‘काडी’ असे शब्द. नंतर शब्दाच्या मध्ये व शेवटी तोच वर्ण. नंतर लहान वाक्य. आणि सर्वांत शेवटी रोजचे बोलणे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी चढावयाची नाही. आठवड्यातून एकदा घेतलेल्या दीर्घ पाठापेक्षा रोज दहा मिनिटांचा सराव अधिक फलदायी होतो. यामुळेच तज्ज्ञ आईस व शिक्षकास आपल्या कामात सहभागी करून घेतो.

ज्या मुलास भाषाच कमी आहे, त्याच्याकडून शब्द वदवून घेण्याऐवजी त्याच्या शब्दात भर घालतात. मूल ‘भाकर’ म्हणाले, तर मोठ्याने ‘भाकर पाहिजे? ही घे गरम भाकर’ असे म्हणावे. मुलाचे बोट ज्या वस्तूकडे असेल तिचे नाव त्याच क्षणी त्याच्या कानी पडले पाहिजे.

अडखळणारे मूल

तोतरेपणाचा आरंभ बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होतो. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक आढळतो. कित्येक मुलांत तो आपोआप नाहीसा होतो, काहींत टिकून राहतो. कोणाची नक्कल केल्याने तो जडत नाही, तो संसर्गाने पसरत नाही व त्याचा बुद्धीशी संबंध नसतो. परंतु भीती, घाई व थट्टा यांनी तो वाढतो.

अशा मुलाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असेही वारंवार सांगू नये, कारण त्याने मुलाचे लक्ष आपल्या दोषाकडेच लागते. शिक्षकाने स्वतः संथपणे बोलावे आणि मुलाकडे पाहत शांतपणे थांबावे. अचानक उभे करून मोठ्याने वाचावयास लावण्याऐवजी त्याची पाळी त्यास आधी कळवावी. पाढे व कविता सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणारी बहुतेक मुले सहज बोलतात. सामूहिक पठणाची जुनी पद्धत अशा मुलास वर्गात आपला आवाज ऐकण्याची संधी देते.

बोलण्याविना संवाद

मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा गंभीर श्रवणदोष असलेल्या काही मुलांस बोलणे फार थोडे येते किंवा येतच नाही. येथे वाचोपचारतज्ज्ञाचे ध्येय केवळ उच्चार हे नसते. आपले मन दुसऱ्यास कळविता येणे, हे खरे ध्येय असते. त्यासाठी खाणाखुणा, सांकेतिक भाषा किंवा चित्रफलक यांचा उपयोग करतात. पाणी, भूक, लघवी, दुखते, नको, आणखी अशा गोष्टींची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून कोणताही शिक्षक असा फलक तयार करू शकतो. मूल चित्रावर बोट ठेवते, शिक्षक तो शब्द उच्चारतो. चित्रांची सवय लागल्याने मूल बोलणे टाळील, ही भीती निराधार आहे. आपले म्हणणे कोणी ऐकते, हे कळल्यावर संवादाची इच्छा वाढते.

काही मुले घरी मोकळेपणी बोलतात आणि शाळेत आल्यावर महिनोन् महिने मौन धरतात. हा हट्ट नसून एक प्रकारची तीव्र भीती असते. अशा मुलास बोलण्याची सक्ती किंवा शिक्षा केल्यास मौन अधिक घट्ट होते.

बोलीचा भेद हा दोष नव्हे

येथे एक सावधानता आवश्यक आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ किंवा ‘कोण’ऐवजी ‘कोन’ म्हणणाऱ्या मुलास वाग्दोष नसतो, तो त्याच्या घरचा उच्चार असतो. जिल्ह्यातील तांड्यांवरून येणारे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. मराठी वर्गात ते प्रारंभी गप्प राहिले तर ते भाषेच्या अपरिचयामुळे असू शकते. कसोटी सोपी आहे. घरच्या भाषेत मूल वयानुरूप बोलते काय, हे आईस विचारावे. तेथे ते गोष्टी सांगत असेल, भांडत असेल, गाणी म्हणत असेल, तर त्यास उपचाराची नव्हे, धीराची व सहवासाची गरज आहे. घरच्या भाषेतही ते मागे असेल तर मात्र तपासणी झाली पाहिजे. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे, पण बोलीला व्यंग समजणे हा अन्याय होय.

ऊसतोडीचा हंगाम आणि उपचारातील खंड

या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुले बरोबर गेली तर शाळेचा निम्मा काळ फडावर जातो. वाचोपचारात सातत्य हेच औषध असल्याने पावसाळ्यात साधलेला वर्ण उन्हाळ्यापर्यंत हरवलेला असतो. तपासणीचेही तसेच होते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार आरोग्यपथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. पथकाची फेरी हंगामात आली तर ज्या मुलास तिची सर्वाधिक गरज, तेच मूल त्या दिवशी गैरहजर असते.

यावर शिक्षकाच्या हाती तीन उपाय आहेत. शंका असलेल्या मुलांची यादी शाळा उघडल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांतच तयार करून पथकास कळवावी. मुलास गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर ठेवता येईल काय, याविषयी पालकांशी दसऱ्यापूर्वी बोलावे. आणि ते शक्य नसेल तर मुलाच्या तपासणीचा कागद, चालू पाठातील चार चित्रे व सरावाची रीत आईच्या हाती द्यावी. चुलीजवळ बसून रोज चार शब्दांचा सराव झाला तरी सर्व श्रम वाया जात नाहीत.

शिक्षकांनी अनुसरावयाचा मार्ग

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, नोंद करणे हे त्याचे काम आहे. मूल कोणते शब्द कसे उच्चारते, सूचना समजते काय, हाकेस वळते काय, कान वाहतो काय, घरी कसे बोलते, अशा पाच-सहा ओळी पुरेशा आहेत. ही नोंद आरोग्यपथकास किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. पुढील तपासणीसाठी उक्त कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना असून तेथे वाणी व श्रवण यांचा तज्ज्ञ असावा अशी तरतूद आहे. कानाच्या विकारांसाठी जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या जिल्ह्यातील सोयी होत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात श्रवणदोषाबरोबर वाणी व भाषेच्या दिव्यांगत्वाचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास पालकांस शासकीय सवलतींचा लाभ घेता येतो.

पालकांशी बोलताना संयम राखावा. कोणी जिभेस वेखंड लावीत असते, कोणी नवस बोललेले असते. त्यांच्या श्रद्धेची टवाळी केल्यास ते शाळेचे सांगणेही ऐकणार नाहीत. तलवाड्याची त्वरितादेवी पंचक्रोशीत पूज्य आहे. नवस बोललेल्या आईस एवढेच म्हणावे की, देवीच्या नावातच त्वरा आहे, तेव्हा कानाच्या तपासणीस उशीर नको. जितके मूल लहान, तितका उपचाराचा गुण अधिक, ही गोष्ट तिला अशा शब्दांत लवकर पटेल.

वर्गात ‘बोबड्या’, ‘तोतऱ्या’, ‘मुका’ ही नावे कोणी उच्चारू नयेत, असा दंडक शिक्षकाने स्वतःपासून घालावा. शेजारच्या मुलाने हात वर करून दिलेली हजेरी प्रेमाची असते, पण तिच्यामुळे त्या मुलाची उत्तर देण्याची पाळी रोज निघून जाते. त्याचे नाव घेतल्यावर गुरुजींनी चार क्षण थांबावे. प्रथम मान हलेल, काही आठवड्यांनी ओठ हलतील, आणि एखाद्या दिवशी ‘हजर’ऐवजी ‘हदर’ असे ऐकू येईल. कोणी हसू नये. ते पूर्ण उत्तर समजून त्यावर उपस्थितीची खूण करावी, आणि ‘ज’चा पाठ उद्या घ्यावा.